अनोळखी माणूस पाहिजे

आमचे हे विजेच्या ऑफिसात लाइनमन. वादळात तार तुटली की भर वाऱ्यात खांबावर चढतात आणि वरून एका हाताने मला फोन करतात, भाजी काय केलीस म्हणून. मी कितीदा सांगितलं, खाली उतरून विचारा, मी भाजी घेऊन कुठं पळून चालले न्हाई. भीती ही चीज या माणसाला ठाऊकच नाही असा माझा लग्नापासूनचा समज होता. उमरीच्या आमच्या शाळेने नववीची सहल मुंबईला न्यायचं ठरवलं आणि तो समज पार धुऊन निघाला.

"दोन रात्री?" आनंदराज म्हणाले. हातातला घास हातातच. "कामून दोन रात्री? सकाळी न्यायचं, संध्याकाळी आणायचं."

"मुंबईहून?"

"मग जवळचं दाखवा म्हणावं. किनवटचं जंगल दाखवा."

"जंगलात वाघ असतो."

"वाघाचं एक कळतं तरी," ते म्हणाले.

"दर सहा डिसेंबरला आपण दादरला जातोच की. लाखानं माणूस असतं तिथं."

"तवा अख्खी उमरी सोबत असती."

"आणि मागच्या खेपेला हरवलं कोण होतं?"

यावर ते पाणी प्यायला उठले. हरवले तेच होते. शेवटी मांडवातून लाउडस्पीकरवर पुकारा झाला, की उमरीचे आनंदराज जिथे असतील तिथून मांडवात यावं, त्यांची मुलगी त्यांची वाट बघत आहे.

ती मुलगी, आमची धम्मप्रिया, हे सगळं बोलणं चालू असताना खाली मान घालून जेवत होती. नंतर भांडी विसळायला माझ्याजवळ आली तेव्हा हळूच म्हणाली, "आई, बाबाला सांगितलंय समुद्र बघायचा म्हणून. खरं सांगू? समुद्राचं मला काही न्हाई. सगळ्या पोरी एका हॉलमध्ये झोपणार हायत. कुणाचेच आईबाप नसणार. मला ते पाहिजे."

मी नांदेडला नर्सिंगच्या होस्टेलला राहिलेली बाई. ती काय मागत होती ते मला लगेच कळलं. एका खोलीत आम्ही आठजणी असायचो आणि उगाचच, कशावरूनही, पोट दुखेपर्यंत हसायचो. तेवढं हसू त्यानंतर मला कुठे मिळालं नाही. माझ्या पोरीला ते मिळावं असं मला फार वाटलं. सहल झालीच पाहिजे, मी मनाशी म्हटलं, मग उमरी इकडची तिकडे होवो.

आणि उमरी झालीच इकडची तिकडे.

शाळेत पालकांची बैठक बोलावली. सहल काढणाऱ्या मनिषा मॅडम लातूरच्या, वयाने लहान, पण तयारी चोख. राहायचं कुठे, जेवायचं कुठे, बाईमाणूस सोबत कोण, सगळं त्यांनी फळ्यावर मांडलं होतं. पालकांनी फळ्याकडे बघितलं नाही. मेडिकलवाले रामलिंग, म्हणजे आरतीचे वडील, उठून उभे राहिले.

"मॅडम, समुद्रापासून पोरं किती फुटांवर उभी करणार?"

"वीस फूट."

"आणि भरती आली तर?"

"मागे सरकू."

"मागं सरकायचं हे कोण ठरवणार?"

मॅडम म्हणाल्या, मी ठरवीन. रामलिंग बसले, पण समाधान झालेलं दिसत नव्हतं. मग एका बाईने विचारलं, पोरी झोपणार तो हॉल कितव्या मजल्यावर? तळमजल्यावर असेल तर चोर शिरेल, वरच्या मजल्यावर असेल तर पोरी पडतील. मॅडमनी पहिला मजला सांगितला. बाई म्हणाल्या, पहिल्या मजल्यावरून पण पडता येतं आणि चोरालाही चढता येतं, म्हणजे तुम्ही दोन्हीचा धोका घेतला. मी कपाळाला हात लावला. बाजूला आमचे हे मान डोलवत होते.

शेवटी आप्पासाहेब बोलले. आप्पासाहेब पालक समितीचे अध्यक्ष, हळदीचे मोठे बागायतदार, प्रेमचे वडील. ते बोलायच्या आधी घसा खाकरतात आणि तेवढ्यात सगळे गप्प होतात.

"मुंबई वाईट न्हाई," ते म्हणाले. "समुद्र बी वाईट न्हाई. पण तिथली माणसं अनोळखी हायत. एखाद्यानं चॉकलेट दिलं, गोड बोलला, आन् पोरगं त्याच्या मागं गेलं, तर? मॅडम, ह्याची खातरजमा झाली पाहिजे. आपण हितंच, उमरीच्या बाजारात, रंगीत तालीम घेऊ. पोरं बाजारातून फिरतील. एक अनोळखी माणूस त्यांना फूस लावंल. एक जरी पोरगं त्याच्यासंगं गेलं, तर सहल रद्द. एक बी गेलं न्हाई, तर खुशाल जा."

टाळ्या पडल्या. आमच्या यांनी सगळ्यात जोरात वाजवल्या.

पंधरा दिवस घराघरांत तयारी चालली. आमच्या घरी तर आनंदराज स्वयंपाकघराच्या दारातून टोपी घालून आत यायचे आणि घोगऱ्या आवाजात म्हणायचे, "पोरी, चल, तुझ्या आईनं बोलावलंय."

"आई इथंच बसलीय," धम्मप्रिया म्हणायची.

"तसं न्हाई! जोरात म्हणायचं, मी तुम्हाला ओळखत न्हाई! आन् शिट्टी वाजवायची. कुणी कितीबी ओळख सांगो. तुझ्या बापाचा दोस्त हाय म्हणो, सख्खा मामा हाय म्हणो. जायचं न्हाई. म्हण, कुणी सांगितलं तरी?"

"कुणी सांगितलं तरी जायचं न्हाई."

प्रत्येक पोराला शिट्टी घेतली. ते पंधरा दिवस उमरीतली कुत्री झोपली नसतील.

तयारी झाली, पण अनोळखी माणूस कुठून आणायचा? उमरीत तो मिळेना. पहिल्यांदा रामलिंग स्वतःच काळा गॉगल आणि माकडटोपी घालून शाळेच्या फाटकाशी उभे राहिले. पोरं म्हणाली, "काका, कुणाची वाट बघून राहिले?" आणि आरती म्हणाली, "पप्पा, दुकानात कोण बसलंय?" मग हदगावहून एक माणूस आणला, तर तो आमच्या शिपायाचा साडू निघाला. आप्पासाहेबांनी शेवटी लातूरच्या एका सोयाबीनच्या व्यापाऱ्याला फोन लावला. मी तिथेच होते. ते म्हणाले, "एक अनोळखी माणूस पाहिजे. चांगला पाहिजे. अजिबात ओळखीचा नको."

व्यापाऱ्याने उदगीरचे शरणप्पा पाठवले. शरणप्पा पथनाट्यांत वाईट माणसाची कामं करायचे. हुंडाबंदीच्या नाटकात सासरा, दारूबंदीच्या नाटकात दारुडा, साक्षरतेच्या नाटकात अंगठे उठवून घेणारा सावकार. मिशा भरघोस, सदरा काळा. त्यांना बघूनच मूल रडावं असा सगळा थाट होता.

आदल्या रात्री पालकांच्या ग्रुपवर आप्पासाहेबांचा मेसेज आला. उद्या सकाळी बसने येणाऱ्या इसमाशी कुणीही बोलू नये. चहा विचारू नये. ओळख काढू नये. तालीम संपेपर्यंत तो अनोळखी राहिला पाहिजे.

वाचायला सोपं होतं. पण आमच्याकडे स्टँडवर परका माणूस बाकावर बसलेला दिसला आणि त्याला कुणी "कुठले पाव्हणे?" विचारलं नाही, असं होत नाही. माणूस कितीही लांबचा असो, गाव विचारायचं, आडनाव विचारायचं, मग बायकोचं माहेर, मग बहिणीचं सासर, आणि कुठे ना कुठे धागा सापडला की मगच सोडायचं. सापडेपर्यंत जीव थाऱ्यावर राहत नाही.

शरणप्पा बसमधून उतरून बाकावर बसले. त्या बाकासमोर रामलिंगचं मेडिकल. मी दवाखान्यातून सुटून गोळ्या घ्यायला तिथे गेले तेव्हा रामलिंग काउंटरच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभे होते.

"सिस्टर, तो माणूस कवाचा उन्हात बसलाय," ते म्हणाले. "काय वाटत असंल त्याला? उमरीत माणसं राहतात का दगड?"

"बोलायचं न्हाई ठरलंय."

"बोलत न्हाई. फक्त पाणी देऊन येतो."

पाणी द्यायला गेले ते बाकावरच बसले. थोड्याच वेळात ते ओरडत परत आले. "अहो, पाव्हणे निघाले! ह्यांची धाकटी बहीण सिद्धम्मा, ती माझ्या सासूच्या चुलतभावाच्या घरात दिलेली!" मागोमाग शरणप्पा संकोचून आले. समोर चहा आला. ते हात हलवत कानडीत "बेडा, बेडा," म्हणजे नको नको म्हणत होते, पण कप घेतला.

मग काय. आप्पासाहेब रामलिंगला झापायला आले आणि जाताना शरणप्पांना जेवायला घरी घेऊन गेले, कारण आप्पासाहेबांची थोरली, उमादेवी, उदगीरला ज्या गल्लीत दिली, त्याच गल्लीत शरणप्पांचं घर. जेवण चालू असताना आमचे हे आप्पासाहेबांच्या घरचं मीटर बघायच्या निमित्ताने तिथे पोचले. मीटर ठणठणीत होतं. घरी आले ते डोळे पुसत.

"पंचशीला, चन्नबसप्पा आठवतो?"

न आठवून सांगते कुणाला? चन्नबसप्पा म्हणजे लातूरच्या आयटीआयतला यांचा खोलीतला जोडीदार. एकाच ताटात जेवले, एकच स्वेटर आलटून पालटून घातला. लग्नात सगळ्यात जास्त रडला तो.

"हे शरणप्पा त्याचे सख्खे मामा हायत! चन्नबसप्पाचे मामा म्हंजे माझे मामा. धम्माचे आजोबाच की."

"आज ते पोरं पळवायला आलेत," मी म्हणाले.

"ते हाव. पण मामा हायत," आनंदराज म्हणाले.

खरं सांगायचं तर मीही सुटले नाही. त्यांचा चेहरा लाल दिसला म्हणून मी त्यांचं ब्लडप्रेशर बघितलं, ते वाढलेलं निघालं, आणि मी त्यांना लोणचं खाण्यावरून चांगलं रागावले. परक्या माणसाला मी तशी रागावत नाही.

दुपार उतरली आणि तालीम सुरू झाली. बाजार भरला होता. पोरं दोन ओळींत निघाली, हातात एक लांब दोरी, गळ्यात शिट्ट्या, पुढे मनिषा मॅडम. पालक भाजीच्या गाड्यांमागे आणि पालांच्या आडून बघत होते. एक पोरगं चुकलं की धम्मप्रियाची ती रात्र गेली, आणि पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे ती कायमचीच गेली.

शरणप्पा चॉकलेटची पिशवी घेऊन गर्दीतून आले. पोटभर जेवण, एवढे चहा, तरी काम चोख. मिशीला पीळ, आवाजात मध.

"काय रे बाळ," ते प्रेमला म्हणाले, "तुझ्या आप्पानं बोलावलंय. चल माझ्यासंगं."

प्रेम मागे सरला. "मी तुम्हाला ओळखत न्हाई!" तो ओरडला आणि शिट्टी फुंकली. सगळ्या पोरांनी फुंकली. कानठळ्या बसल्या, एक बैल उधळता उधळता राहिला. मला तर त्या पोराची पाठ थोपटावीशी वाटली. मनिषा मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं.

तेवढ्यात कोबीच्या गाडीमागून आप्पासाहेब बाहेर आले. कानापर्यंत लाल.

"प्रेम! पाव्हण्याला असं बोलतेत? आपल्या उमाच्या गल्लीतले हायत ते! कालपरवापर्यंत उमाच्या लेकराला खांद्यावर घेऊन फिरवलंय त्यांनी, आन् तू त्यांच्या तोंडावर शिट्टी वाजवतोस?"

"पण आप्पा, तालीम..."

"तालीम गेली खड्ड्यात. घे चॉकलेट. जा त्यांच्यासंगं, म्हणतील तिथं जा!"

प्रेमने दोरी सोडली. मग रामलिंग पुढे आले, "आरती, पाया पड, मामा हायत." मग दुसरे पालक, तिसरे पालक. कुणाला रामलिंगचे पाहुणे म्हणजे गावचे पाहुणे वाटले, कुणाला आप्पासाहेबांपुढे आपलं पोर उद्धट दिसायला नको होतं. पोरं आधी गोंधळली, मग खूश झाली. शरणप्पांनी नाइलाजाने मॅडमकडे बघितलं आणि सगळी पलटण घेऊन कोपऱ्यावरच्या हॉटेलात शिरले. जिलेबीची ऑर्डर गेली.

रस्त्यात दोरी पडली होती आणि तिचं एक टोक धरून धम्मप्रिया उभी होती.

"धम्मा, जा बेटा," आनंदराज म्हणाले. "चन्नबसप्पाचे मामा हायत."

"न्हाई."

"अगं, मी सांगून राहिलो ना."

"तुम्ही सांगितलं तरी न्हाई."

बाजार बघत होता. आनंदराजांचा आवाज चढला. "सगळ्यांची पोरं गेली. बापाचं ऐकायचं न्हाई का तुला? चल, मी नेतो हाताला धरून." त्यांनी हात पुढे केला.

धम्मप्रियाने शिट्टी तोंडात घातली, बापाच्या डोळ्यांत बघितलं आणि सगळा जीव एकवटून फुंकली.

ते दोन पावलं मागे गेले. अकरा हजार व्होल्टच्या तारेपासून मी त्यांना असं मागे सरताना कधी बघितलं नव्हतं.

आप्पासाहेब हॉटेलातून बाहेर आले. "मॅडम, वाईट वाटतं," ते म्हणाले, आणि बोटाचा पाक चाटून पुढे म्हणाले, "पण एक सोडून सगळी पोरं अनोळखी माणसासंगं गेली. सहल रद्द."

मी भांडायला तोंड उघडलं होतं, पण मनिषा मॅडम माझ्या आधी पुढे झाल्या. रडतात की काय असं मला वाटलं, पण त्या रागावल्या होत्या.

"प्रेम, इकडं ये. तू का गेलास?"

"आप्पांनी सांगितलं म्हणून."

"आरती?"

"पप्पांनी सांगितलं."

त्यांनी एकेकाला विचारलं. पप्पा, बाबा, अण्णा, आई. मग त्या पालकांकडे वळल्या. "मुंबईत आप्पा नसणार. पप्पा, बाबा, कुणी नसणार. आता तुम्हीच सांगा, पोरं कुणाच्या सांगण्यावरून जाणार?"

शरणप्पांनी हळूच म्हटलं, "मला तर काही करावंच लागलं न्हाई. तुम्हीच दिली की पोरं." आणि मान खाली घातली.

आप्पासाहेब न्यायी माणूस आहे, हे मला त्या दिवशी पटलं. त्यांनी घसा खाकरला आणि तिथेच, हॉटेलच्या पायरीवर, ठराव मांडला. पोरांना धोका पालकांपासून आहे. सबब, एकाही पालकाने सहलीसोबत जाऊ नये आणि फोनवरूनही पोरांना काही सांगू नये. सहल मंजूर. सगळ्यांनी हात वर केले. आनंदराजांचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, पण गेला.

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. "सगळ्या बाजारात माझ्यावर शिट्टी वाजवली पोरीनं," ते म्हणाले.

"तुम्हीच शिकवलं. कुणी सांगितलं तरी."

"हाव. बरोबरच केलं तिनं." ते थोडा वेळ आपल्या तळहातांकडे बघत राहिले. "मला वाटलं होतं, कुणी म्हंजे मी सोडून."

मला तेव्हा त्यांची फार दया आली. मी ताट वाढून पुढे ठेवलं.

सहलीच्या दिवशी संध्याकाळच्या गाडीला सगळी उमरी स्टेशनवर. गाडी थांबली, पोरी चढल्या, धम्मप्रियाला खिडकीची जागा मिळाली. तिच्या डोळ्यांत असा आनंद होता की मला तिच्याकडे नीट बघवेना. खिडकीच्या बाहेर आनंदराज गज धरून उभे. ठरावाप्रमाणे ते काहीच सांगत नव्हते, फक्त तिची बॅग कुठे ठेवलीय ते वाकून वाकून बघत होते.

समोरच्या बाकावर एक वयस्क बाई बसल्या होत्या, कुठून तरी लांबून आलेल्या. त्यांनी धम्मप्रियाकडे बघून मायेने विचारलं, "कुठली गं बाई तू? एकटीच का?"

"मॅडम हायत सोबत," धम्मप्रिया म्हणाली, हसली आणि गप्प बसली. बास. तेवढंच.

बाईंनी खिडकीकडे बघितलं. "हे वडील का?"

"हाव हाव," आनंदराज गजांना तोंड लावून म्हणाले. "मी लाइनमन. विजेच्या ऑफिसच्या मागंच घर हाय आमचं, निळा दरवाजा. हिची आई दवाखान्यात असती, मी खांबावर. दिवसभर कुलूपच असतंय. चावी शेजारी ठेवतो. तुम्ही कुठल्या म्हणायच्या? तुमचं माहेर..."

धम्मप्रिया उठली. तिने बापाची बोटं एकेक करून गजावरून सोडवली, अगदी हळू, लहान पोराची सोडवावीत तशी. मग दोन्ही हातांनी खिडकीची झडप खाली ओढली.

आनंदराज त्या बंद झडपेसमोर उभे राहिले. आतून पोरींच्या हसण्याचा आवाज आला. मी जाऊन त्यांच्या दंडाला धरलं.

"गेली," ते म्हणाले.

गाडी अजून जागेवरच उभी होती.